छातीतल्या डागाचं माप

मला ती नोकरी मिळाली, ती एक्स-रे वाचता येत नव्हता म्हणून.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि आठ महिने मुलुंडच्या चाळीत अर्ज टाईप करून घेण्यात घालवले होते. घाटकोपरला एका ट्रस्टचं छोटं इस्पितळ होतं. त्याच्या छातीच्या विभागात दोन वर्षांच्या अनुदानावर एक सहायक हवी होती. मुलाखतीला माझ्याआधी तिघी आत जाऊन आल्या. तिघींनाही इस्पितळातल्या कामाचा अनुभव होता, त्यामुळे मी आत गेले तेव्हा नोकरीची आशा सोडूनच दिली होती.

आत एक डॉक्टर बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडीवर पांढरा कोट, चष्मा कपाळावर. त्यांना सगळे मॅडम म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर एक्स-रेची फिल्म अडकवली.

"काय दिसतंय?"

"फासळ्या."

"आणि?"

"इथे एक पांढरा गोल ठिपका आहे. बाकी मला काही कळत नाही."

"आजार कुठला असेल?"

"मला कसं माहीत असणार, मॅडम?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "आधीच्या तिघी निदान करत बसल्या. एक म्हणाली टीबी, दोघी म्हणाल्या कॅन्सर. अगं, निदान करायला मी आहे. मला मोजणारी हवीय. आजार ओळखता आला ना, की हात त्या बाजूला झुकतो. तू सोमवारपासून ये."

काम काय ते त्यांनी सोमवारी सांगितलं. फुप्फुसात असा एकटा गोल डाग दिसला की तो कॅन्सर आहे की जुन्या आजाराची निरुपद्रवी खूण, हे एका फिल्मवरून सांगता येत नाही. पण काही आठवड्यांच्या अंतराने काढलेल्या दोन फिल्म असतील, तर डाग किती वाढला ते मोजता येतं, आणि वाढीच्या वेगावरून बरंच काही कळतं.

"लाडू वळता येतात का तुला?" त्यांनी विचारलं.

"बेसनाचे येतात."

"मग ऐक. लाडू सव्वापट रुंद केलास तर पीठ किती लागेल? सव्वापट?"

मी मनात हिशेब केला. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही सव्वापट. "जवळजवळ दुप्पट."

"बरोबर. फिल्मवर डाग एवढासा वाढलेला दिसतो. डॉक्टर म्हणतात, फार फरक नाही, बघू पुढच्या महिन्यात. आणि आत गाठ दुप्पट झालेली असते. डोळ्याला हे कळत नाही. आकड्याला कळतं. कॅन्सरची गाठ सहसा काही महिन्यांत दुप्पट होते. दोन वर्षं जशीच्या तशी बसून राहिलेली गाठ सहसा साधी असते. या दोघींमधला फरक मला मोजून हवाय, अंदाजाने नको."

माझी हत्यारं साधी होती. उजेडाची पेटी, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा एक व्हर्नियर, टोकदार पेन्सिली, ट्रेसिंग पेपर आणि मिलिमीटरचा आलेखकागद. डागाची कड ट्रेसिंग पेपरवर गिरवायची, खाली आलेखकागद धरायचा आणि आतले चौकोन मोजायचे. अर्धा किंवा त्याहून जास्त आत असेल तो चौकोन धरायचा, कमी असेल तो सोडायचा. मग लॉगची कोष्टकं घेऊन दोन फिल्ममधल्या अंतरावरून दुप्पट व्हायला लागणारे दिवस काढायचे. फिल्म शोधून देणारे, धुणारे, वाळवणारे होते एक्स-रे विभागातले एक तंत्रज्ञ. ते विदर्भातले, वाकोल्याला राहणारे आणि सगळ्या इस्पितळाचे मामा. अंधाऱ्या खोलीत इतकी वर्षं काढून त्यांची नजर अशी झाली होती, की बाहेर आले की दोन मिनिटं दारात उभं राहून डोळे मिचकावत आणि समोर जो असेल त्याला नमस्कार करून टाकत. एकदा त्यांनी कपाटाला केला.

पंधरा दिवसांत मी चाळीसेक फिल्म मोजल्या आणि खूश झाले. मग मॅडमनी त्यातल्याच दहा मला पुन्हा मोजायला लावल्या. आकडे जुळेनात. तोच डाग सोमवारी एक आणि गुरुवारी भलताच. एका पेशंटची गाठ तर माझ्या हिशेबाने दोन दिवसांत वाढून परत कमी झाली होती.

मी रडकुंडीला आले. मॅडम शांत. त्यांनी वरच्या मजल्यावरून दोन मोठ्या डॉक्टरांना बोलावलं आणि त्याच दहा फिल्म मोजायला दिल्या. दोघांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, आणि एका डॉक्टरसाहेबांचे तर सकाळचे आकडे दुपारच्या आकड्यांशी जुळले नाहीत. ते जरा रागावूनच निघून गेले.

"बघ," मॅडम म्हणाल्या, "तू एकटी नाहीस. आता यावर उपाय काढ."

उपाय मला सुचला नाही. तो माझ्या बाबांना सुचला.

बाबांनी गिरणीत सव्वीस वर्षं फोल्डिंग खात्यात काढली होती. विणून, धुऊन, रंगवून आलेलं कापड तिथे मोजून, तपासून घडी व्हायचं. गिरणी बंद पडून दोनेक वर्षं झाली होती. आता ते मुलुंडलाच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. काम वाईट नव्हतं, पण दिवसभर रजिस्टरात गाड्यांचे नंबर लिहायचे. हातांना काही काम नाही, असं ते म्हणत. संध्याकाळी जेवताना मी माझं गाऱ्हाणं घातलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"काठ कुठे संपतो ते ठरवलंय का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"कापडाचा काठ विरलेला असला, दोरे सुटलेले असले, तर माप कुठून धरायचं? एक जण दोऱ्यापासून धरतो, एक जण विणीपासून. मग भांडणं. आमच्याकडे ते आधी ठरलेलं असायचं. तुझ्या त्या डागाची कड कशी असते?"

"धुक्यासारखी. मध्ये पांढरी, मग राखाडी, मग कुठे संपली कळतच नाही."

"मग तेच तुमचं दुखणं. आणि दुसरं, दुसऱ्यांदा मोजताना पहिलं माप समोर होतं?"

"वहीत होतं. वरच्याच ओळीत."

"वाट लागली," बाबा म्हणाले. "अगं, आमच्याकडे दुसऱ्या माणसाला पहिल्याचा आकडा कधी सांगत नसत. सांगितला की तो तोच आकडा आणून दाखवतो. मुद्दाम नव्हे, आपोआप. आणि ज्याला तो आकडा पटत नाही, तो मुद्दाम वेगळा आणतो."

आई म्हणाली, "जेवा आधी. कॅन्सर उद्या मोजा."

मी हे सगळं मॅडमना सांगितलं, तर त्या खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. "तुझ्या बाबांना सुट्टी कधी असते?"

"शनिवारी."

"शनिवारी घेऊन ये त्यांना."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. इस्पितळात आपण काय बोलणार, असं रस्ताभर विचारत होते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि फिल्म पेटीवर लावली. बाबांनी फिल्मला हात लावण्याआधी रुमालाने बोटं पुसली आणि ती दोन्ही कडांनी धरली. दारात उभे असलेले मामा मला हळूच म्हणाले, "हे माणूस कामाचं आहे. इथले डॉक्टर पण अंगठे उमटवतात."

त्या दिवशी बाबा आणि मॅडम दोन तास नुसत्या कडेवर बोलत होते. शेवटी नियम ठरला. राखाडी रंग आजूबाजूच्या फुप्फुसाच्या रंगात जिथे पूर्ण मिसळतो, तिथे बाहेरच्या अंगाने पेन्सिल धरायची. शंका असेल तर फिल्म उलटी लावून परत बघायची. उजेड नेहमी सारखा ठेवायचा. मामा नावावर आणि तारखेवर काळ्या कागदाची पट्टी लावतील, फिल्म पिसतील आणि त्यांना आपले नंबर देतील. कुठली आधीची, कुठली नंतरची, हे मोजणाऱ्याला कळणार नाही. एकदा मी मोजायचं आणि दुसऱ्यांदा बाबांनी, शनिवारी.

बाबा कबूल झाले. पुढच्या शनिवारपासून ते डबा घेऊन यायला लागले. मॅडमनी त्यांच्यासाठी खिडकीजवळ एक टेबल लावून दिलं. दोन महिन्यांनी मी सगळ्यांच्या मापांतला फरक काढला तेव्हा सगळ्यात कमी चूक बाबांची होती. माझ्यापेक्षा कमी आणि वरच्या मजल्यावरच्या दोघा डॉक्टरांपेक्षा तर फारच कमी. मॅडमनी तो कागद विभागाच्या फळ्यावर लावला. नावं नव्हती, नुसते मोजणारा एक, दोन, तीन, चार. तरी दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. शिपाई बाबांना "नंबर दोन" म्हणायला लागला. बाबांना ते फार आवडलं नाही, पण घरी येऊन त्यांनी ते आईला दोनदा सांगितलं.

सगळेच शनिवार हसण्याचे नव्हते. एका शनिवारी बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "आज एक जोडी मोजली. कोणाची ते मला माहीत नाही. पण जी मोठी होती ती नंतरची असेल, तर बरं नाही." ती नंतरचीच होती. मुलुंडच्या एका निवृत्त शिक्षकांची, आणि मधे फक्त दोन महिने गेले होते. मॅडमनी आकडा बघितला आणि त्याच दिवशी शिक्षकांना बोलावून शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. ऑपरेशन झालं. पुढे चार वर्षं ते दर दिवाळीला मॅडमना स्वतःच्या अक्षरातलं शुभेच्छापत्र पाठवत होते. पाचव्या वर्षी आलं नाही. हे बाबांनीच घरी येऊन मला सांगितलं आणि ते इतकंच म्हणाले, "चार वर्षं मिळाली."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कंडक्टर आला.

पंचेचाळिशीचा गृहस्थ, बसमध्ये कंडक्टर, डेपो घाटकोपरला. खाकी गणवेशातच आला होता. सिगारेट ओढायचा आणि महिनाभर खोकत होता. खोकला साधाच होता, औषधाने गेलाही. पण त्या निमित्ताने काढलेल्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या मध्यावर गोल डाग निघाला. शहरातल्या एका सर्जनने त्याला सांगितलं होतं, वय आहे, सिगारेट आहे, थांबण्यात अर्थ नाही. पुढच्या आठवड्यात छाती उघडून काढून टाकू. हे काही चुकीचं नव्हतं. एकच फिल्म असेल तर बहुतेकांनी तेच सांगितलं असतं. कंडक्टर घाबरून डेपोजवळचं इस्पितळ म्हणून आमच्याकडे आला.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो त्यांचा नेहमीचाच. "याआधी कधी छातीचा एक्स-रे काढला होता?"

"नोकरीत मधे तपासणी झाली तेव्हा काढला होता ना. मेडिकलला. सहा वर्षं झाली."

"कुठे आहे तो?"

"घरी आणला होता. मग काय झालं त्याचं, काय माहीत."

"शोधा. सापडला तर कदाचित तुमची छाती उघडावी लागणार नाही. कदाचित, म्हणतेय मी."

दुसऱ्या दिवशी तो परत आला. सगळं घर शोधलं, नाही मिळाला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तू जा यांच्याबरोबर. लोकांच्या घरात एक्स-रे हरवत नाही, तो कुठल्या तरी कामाला लागलेला असतो. आणि कामाला लागलेली वस्तू घरच्यांना दिसत नाही."

कंडक्टर वाकोल्याला बैठ्या चाळीत राहायचा. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिवणयंत्र. त्याची बायको चाळीतल्या आणि पलीकडच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. मालवणकडची, बोलायला मोकळी. मी आले तेव्हा जमिनीवर ट्रंकेतलं सगळं सामान पसरलेलं होतं आणि ती त्याच्या मधोमध बसली होती.

"गे बाय, सगळी ट्रंक उपसून झाली," ती म्हणाली. "गाद्यांखाली बघितलंय, माळ्यार बघितलंय. नाय गावलो. तो एक्स-रे दिसता कसो, ताच माका आता आठवणा नाय."

आमच्या घरचंही गाव तिकडचंच, त्यामुळे मला तिचं बोलणं ऐकून बरं वाटलं. तिने कोकम सरबत दिलं. मी म्हटलं, "वहिनी, मोठा असतो. काळा, गुळगुळीत. उजेडात धरला की आरपार थोडं दिसतं." तिने मान हलवली. नाही, असलं काही घरात नाही.

सरबत पिता पिता मी खोलीभर बघत होते. कॅलेंडर, देवांचे फोटो, खिडकीला पत्रा. शिवणयंत्राच्या वर भिंतीला खिळा होता आणि त्याला ब्लाउजचे खाके टांगलेले होते. कापड बेतताना वर ठेवून खडूने रेघ मारायचे ते पुठ्ठ्याचे तुकडे. पाठीचा, पुढच्या भागाचा. त्या पुठ्ठ्यांच्या मागून एक काळी कड डोकावत होती.

मी उठून तो काढला. बाहीचा खाका होता. काळ्या गुळगुळीत फिल्मचा, बाहीच्या गोलाईने कापलेला, खडूने पांढरा झालेला. दारातल्या उजेडात धरला. आत फासळ्या होत्या.

"वहिनी, हा काय आहे?"

"ह्यो? ह्यो तर माझो बाहीचो खाको." ती माझ्या हातातून घेऊन बघायला लागली. "पुठ्ठो मऊ पडता, कागद फाटता. ह्यो कधी फाटणा नाय. सहा वर्सां..." आणि ती थांबली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अहो, ह्यो तुम्ही."

कंडक्टर आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःकडे असा बघत असावा. "मी इथे टांगलेला होतो, आणि मी माळ्यावर शोधतोय," तो म्हणाला.

मी पदराने खडू पुसला. फिल्मचा नेमका कुठला भाग उरलाय? बाही उजव्या फुप्फुसातून कापलेली होती. वरून तिसऱ्या-चौथ्या फासळीच्या मध्ये, खिळ्यासाठी पाडलेल्या भोकापासून जेमतेम बोटभर अंतरावर, गोल डाग होता. अख्खा होता. म्हणजे सहा वर्षांपूर्वीही तो तिथे होता.

पण एवढ्याने काम होणार नव्हतं. हा एक्स-रे याच माणसाचा, कशावरून? नाव, नंबर, तारीख फिल्मच्या वरच्या कोपऱ्यात असते. आणि फिल्ममध्ये पाठीचा कणाही दिसायला हवा, असं मॅडमनी निघताना सांगितलं होतं. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

"वहिनी, बाकीचा भाग कुठाय?"

"तेचो गळो कापललंय. मागचो गोल गळो." तिने खिळ्यावर शोधलं. नव्हता. कपाळावर हात मारला. "तो दोन घरा सोडून बाय आसा ना, तिका दिललंय. गणपतीत. अजून परत केलेलो नाय तिने."

मग आम्ही तिघं दोन घरं सोडून गेलो. तिथल्या बाई आधी म्हणाल्या, मी परत केला. मग म्हणाल्या, मी नेलाच नव्हता. कंडक्टर म्हणाला, "ताई, माझ्या जिवाचा प्रश्न आहे." बाईंनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. ब्लाउजच्या गळ्यावर एका पुरुषाचा जीव अडकलाय, हे त्यांना पटेना. शेवटी माझं इस्पितळाचं ओळखपत्र दाखवलं. त्या आत गेल्या आणि पिठाच्या डब्याखालून गळा घेऊन आल्या. तो त्यांनी डब्याखाली घातला होता, फरशीची ओल लागू नये म्हणून. कोपऱ्यात शिशाच्या अक्षरांनी उमटलेलं नाव, नंबर आणि तारीख होती. मधोमध कणा होता.

इस्पितळात परत आल्यावर मामांनी ओल्या कापसाने पीठ आणि खडू पुसला, दोन्ही तुकडे जोडून काचेवर ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले. "तीस वर्षं एक्स-रे काढतोय," ते म्हणाले. "पण शिवलेला पहिल्यांदाच बघतोय."

अडचण नवीनच आली. नेहमीसारखी नावं झाकून उपयोग नव्हता. बाहीच्या आकाराची फिल्म बघितली की जुनी कुठली हे कोणालाही कळणार. मामांनी काळ्या कागदात चौकोनी खिडक्या कापल्या आणि दोन्ही फिल्मवर अशा लावल्या, की फक्त डाग आणि त्याच्याभोवतीचं चार बोटं फुप्फुस दिसेल. शनिवारी बाबांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी दोन्ही डाग मोजले, मी मोजले. आमचे आकडे एकमेकांशी छान जुळले. पण एक डाग दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा निघाला, आणि मोठा होता तो जुना.

"असं कसं?" मी मॅडमना विचारलं. "सहा वर्षांत गाठ लहान झाली?"

"विचार कर. दिव्यापुढे हात धरलास आणि भिंतीपासून लांब नेलास, तर सावलीचं काय होतं?"

"मोठी होते."

"मग? सहा वर्षांपूर्वी तो कुठल्या मशीनपुढे, फिल्मपासून किती लांब उभा होता, आपल्याला माहीत आहे का? नुसता डाग मोजून चालणार नाही. जे वाढत नाही, असं काहीतरी शेजारी मोज."

कणा मॅडमना त्यासाठीच हवा होता. मोठ्या माणसाचे मणके सहा वर्षांत वाढत नाहीत. गळ्याच्या तुकड्यावर तीन मणके स्पष्ट दिसत होते. मी त्यांची रुंदी मोजली, मग नव्या फिल्मवर तेच तीन मणके. पुढच्या टेबलावर बाबांनी तेच केलं, माझा आकडा न बघता. जुन्या फिल्ममधले मणकेही तेवढ्याच प्रमाणात मोठे निघाले. म्हणजे फिल्मवरची सगळी छातीच थोडी मोठी आली होती, नुसता डाग नाही. मी भागाकार केला. पुन्हा केला. डाग आणि मणका यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं होतं, आमच्या हाताच्या नेहमीच्या चुकीच्या आत. सहा वर्षांत डाग तसूभरही हलला नव्हता.

मॅडमनी तो कागद घेतला आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. "झकास," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकला.

त्यांनी सर्जनना फोन केला, मग सविस्तर पत्र लिहिलं आणि सोबत ट्रेसिंग जोडली. सर्जन मोठ्या मनाचे होते. त्यांनी दोन्ही तुकडे स्वतः मागवून घेतले, बघितले आणि ऑपरेशन पुढे ढकललं. दर तीन महिन्यांनी फिल्म काढायची, माप बदललं तर लगेच उघडायचं, असं ठरलं. जुन्या, कधीच बऱ्या झालेल्या टीबीची खूण असावी, असं मॅडमचं मत होतं. तीन महिन्यांनी माप तेच, सहा महिन्यांनी तेच, वर्षाने तेच. सिगारेट मात्र मॅडमनी त्याला सोडायला लावली. तो म्हणायचा, "डाग साधा निघाला ना, मग?" त्या म्हणायच्या, "हा साधा निघाला. पुढचाही साधाच निघेल असं मी लिहून देऊ?"

वहिनींचे खाके आम्ही परत करू शकलो नाही, ते आता इस्पितळाच्या फाइलमधले पुरावे होते. मामांनी त्यांना बिघडलेल्या, काळ्याठिक्कर पडलेल्या दोन कोऱ्या फिल्म दिल्या. वहिनींनी त्या उजेडात धरून आरपार नीट बघितल्या. आत कोणी नाही, याची खात्री करूनच पिशवीत घातल्या.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी छातीच्या डॉक्टरांची एक छोटी सभा अंधेरीला एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. मॅडमनी आमचं काम वाचायला मलाच उभं केलं. इंग्रजीत बोलायचं होतं. आठ दिवस मी चाळीच्या गॅलरीत पाठांतर करत होते आणि शेजारच्या मुलांना त्यातली अर्धी वाक्यं माझ्याआधी पाठ झाली होती. आई-बाबा शेवटच्या रांगेत बसले होते. आईने जरीची साडी नेसली होती. पडद्यावर दाखवायची माझी पहिली पारदर्शिका उलटी लागली, पण छातीच्या डॉक्टरांना उलटी फुप्फुसंही ओळखता येतात, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

प्रश्नोत्तरांत एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "तुमचा दुसरा निरीक्षक कोण? त्यांची पात्रता काय?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या, "मोजण्याच्या कामाचा सव्वीस वर्षांचा अनुभव. ते मागे बसले आहेत, हवं तर फिल्म देऊन बघा."

ते डॉक्टर मागे वळले. बाबा उभे राहिले. उभं राहायचं असतं की नसतं हे त्यांना माहीत नव्हतं, पण प्रश्न आपल्याबद्दल आहे एवढं कळलं होतं. चहाच्या वेळी ते डॉक्टर खरंच बाबांकडे गेले. दोघं बराच वेळ बोलत उभे होते. काय बोललात म्हणून मी नंतर विचारलं. "कडेबद्दल," बाबा म्हणाले. "त्यांचंही तेच दुखणं आहे."

आई म्हणाली, "छान बोललीस. मला काही कळलं नाही, पण तू अडखळली नाहीस."

अनुदानाची दोन वर्षं संपली आणि मला अंधेरीच्या एका औषधाच्या कंपनीत माल तपासणाऱ्या विभागात कायमची नोकरी लागली. मॅडमनी निरोपाच्या दिवशी मला व्हर्नियर दिला आणि बाबांना विचारलं, "तुम्ही येणार ना?" बाबांना तो प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "शनिवार आहे की."

पुढे चार वर्षं ते जात राहिले. माझ्या जागी आलेल्या मुलीला कड कशी धरायची ते त्यांनी शिकवलं. कंपनीत मला शनिवारी सुट्टी असायची. मी उशिरापर्यंत लोळत पडलेली असायची, आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, माझी झोपमोड होऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेऊन कामाला निघालेले असायचे.